तीन कोण म्हणणार?

हॉस्पिटलच्या जिन्यात, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर ती आणि एक खुर्ची समोरासमोर आल्या. खुर्ची उलटी होती, चारही पाय वर, आणि तिच्याखालून आणखी दोन पाय निघाले होते. ते माणसाचे होते, घट्ट लेस बांधलेल्या बुटांतले. बाहेर पावसाची भुरभुर चालली होती. खुर्चीच्या हाताच्या टोकावरून थेंब ओघळून थेट तिच्या कागदावर पडत होता.

तिचं मात्र लक्ष नव्हतं. कागदावर बोट ठेवून ती पुटपुटत उतरत होती. "पाठाच्या शेवटी शिकणाऱ्याला... एक, पलंगाचे ब्रेक लावता येतील. दोन, रुग्णाची कमजोर बाजू ओळखता येईल. तीन..."

"तीन, आधी बाजूला होता येईल," खुर्चीखालून आवाज आला.

ती दचकली. मग चिडली. चिडायला तिला फार वेळ लागत नसे.

"लिफ्ट आहे की!"

"लिफ्टमध्ये खुर्ची मावते हो. लिफ्टमनच मावू देत नाही."

"बरोबरच आहे त्यांचं. बाहेरचं फर्निचर वॉर्डात न्यायला परवानगी नाही."

"हे फर्निचर नाही, माझ्या बाबांची खुर्ची आहे." आवाज जराही दमलेला नव्हता. "आणि ओझं घेऊन चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. तुमच्या पाठात नाही का ते?"

तिने ओठ मिटले आणि भिंतीला चिकटून वाट दिली. तो शेजारून वर गेला तेव्हा खुर्ची किंचित कलली, खालून एक ओला चेहरा डोकावला, आणि दोन डोळ्यांनी तिला एकदा पुरतं बघून घेतलं. "थँक्यू, मॅडम. पाठ छान आहे... पण बराच लांब आहे."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कारण गेल्या परीक्षेत अगदी हेच तिला ऐकावं लागलं होतं, तेही परीक्षकांच्या तोंडून.

ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. पाठांतर असं पक्कं की हॉस्टेलमध्ये तिला सगळ्या 'पोपट' म्हणत. मधूनच कुठूनही विचारा, ती पुढचं म्हणून दाखवायची. पण शेवटच्या वर्षाला एक पेच असतो. नर्सला नुसतं काम येऊन भागत नाही, ते दुसऱ्याला शिकवता यावं लागतं. रुग्णाला, त्याच्या घरच्यांना, पुढे जमलं तर नव्या नर्सेसनाही. त्याची प्रात्यक्षिक परीक्षा असते, आणि त्या परीक्षेत आमचा पोपट चारी मुंड्या चीत झाला होता.

विषय सोपा होता, बाळंतिणींना हात धुवायला शिकवणं. ती वीस मिनिटं न अडखळता बोलली. जंतू, साबण, नखं, काहीही सोडलं नाही. मग परीक्षकबाईंनी पहिल्या ओळीतल्या एकीला म्हटलं, "दाखवा बरं." त्या बाईने दोन्ही हात पुढे करून दाखवले, बघा, स्वच्छ आहेत! तिथेच सगळं आटोपलं.

ट्यूटरमॅडमनी नंतर तिची पाठाची वही उघडली होती. पाठाचे रकाने असतात. वेळ, उद्दिष्ट, शिकवणाऱ्याची कृती, शिकणाऱ्याची कृती. शेवटच्या रकान्यात तिने वरपासून खालपर्यंत एकच शब्द लिहिला होता, 'ऐकतो'.

"ऐकतो, ऐकतो, ऐकतो," मॅडम वाचत गेल्या. "अगं, तो शिकणारा आहे की भिंत? तू सांगितलंस. शिकवलं नाहीस."

आता ही दुसरी संधी होती. यावेळी नापास म्हणजे सगळ्या मैत्रिणी नोकरीला लागणार आणि ती एकटी सहा महिने त्याच बाकावर बसणार. तिने मनाशी पक्कं ठरवलं होतं की काही झालं तरी पास व्हायचंच. म्हणून तर ती जिन्यातसुद्धा पाठ म्हणत होती.

दुपारी इन्चार्ज सिस्टरनी तिला तिची केस दिली. अकरा नंबरचा पलंग. एक काका, अर्धांगवायूचा झटका, डावी बाजू कमजोर. त्यांना पलंगावरून खुर्चीत नीट कसं बसवायचं, हे त्यांच्या मुलाला शिकवायचं. पाच दिवस शिकवायचं, सहाव्या दिवशी परीक्षकांसमोर मुलगा ते करून दाखवणार.

ती अकरा नंबरला पोचली. पलंगाशेजारी ती खुर्ची होती, आता सुलटी. खुर्चीच्या हातावर तो जिन्यातला माणूस बसला होता.

"अरे वा," तो म्हणाला. "एक, दोन आणि तीन आल्या."

* * *

तो सामान हलवायचं काम करायचा. घरं बदलणाऱ्या लोकांची कपाटं, पलंग, फ्रीज चार-चार मजले चढवायचे आणि उतरवायचे. हे काम त्याच्या बाबांनी सुरू केलेलं. चाळीस वर्षं त्यांनी ओझी वाहिली, तीही कुणाचा हात लागू न देता. वॉर्डात दोन दिवसांतच त्याचं नाव 'कपाटवाला' पडलं होतं. खुर्चीबद्दल तो इन्चार्ज सिस्टरशी असा काही गोड बोलला की त्यांनी ती ठेवून घेतली. "भक्कम हात आहेत, उंची बरोबर आहे, राहू दे," त्या म्हणाल्या. कुणाला न बधणाऱ्या त्या बाई त्याला बधल्या म्हणून पोपटाला आणखीच राग आला.

पहिल्या दिवशी तिने खडाखड सांगून टाकलं. खुर्ची नेहमी चांगल्या बाजूला ठेवायची. पलंगाचे ब्रेक लावायचे. रुग्णाचे पाय जमिनीवर टेकवायचे. कमजोर हाताला धरून कधीही ओढायचं नाही. आपला गुडघा त्यांच्या कमजोर गुडघ्याला टेकवायचा, म्हणजे तो वाकणार नाही. मग पुढे झुकवायचं, एक-दोन-तीन म्हणायचं आणि उठवायचं.

"समजलं?" तिने विचारलं.

"समजलं." त्याने वाकून बाबांना अलगद उचललं आणि खुर्चीत ठेवलं. "हे घ्या. सहा सेकंद."

"मी काय सांगितलं आणि तुम्ही काय केलंत?"

"काम झालं ना?" तो हसला. "मॅडम, मी पियानो चढवलाय पाचव्या मजल्यावर."

काका खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्याकडे तेव्हा कुणाचंच लक्ष गेलं नाही.

त्या संध्याकाळी तिने वही उघडली. शेवटच्या रकान्यात पुन्हा 'ऐकतो' लिहिणार तोच पेन थांबलं. तिने तिथे लिहिलं, 'करून बघतो.' लिहिल्यावर मात्र प्रश्न पडला. कुणावर? काकांवर पहिल्याच दिवशी प्रयोग नको. सरावाची डमी-बाहुली चाळीस किलोची आणि निर्जीव. मग उरलं कोण?

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच पलंगाच्या कडेला बसली. डावा हात मांडीवर सैल सोडला, कमरेला धरायचा रुंद पट्टा बांधला. "आज मी रुग्ण. चला."

कपाटवाल्याचा हसरा चेहरा एकदम गंभीर झाला. तो पुढे आला. थांबला. हात पुढे केले, मागे घेतले.

"काय झालं?"

"काही नाही... पट्टा... इथेच धरायचा ना?"

"दोन्ही बाजूंनी. आणि गुडघा टेकवा. घाबरताय काय? कपाटं उचलता ना एवढी?"

"कपाट असं बघत नाही हो माझ्याकडे."

शेजारच्या पलंगावरच्या आजोबांना खोकल्याची उबळ आली. ती उबळ खरी नव्हती. तिने डोळे वटारून त्यांच्याकडे पाहिलं, पण कान गरम व्हायचे ते झालेच.

"एक... दोन... तीन," तो म्हणाला आणि ती उठली. त्याच्या शर्टाला पावसाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास होता. वळताना त्याने तिला इतक्या जपून धरलं होतं की तिला आपण काचेच्या आहोत असं वाटलं. खुर्चीत टेकल्यावर तिने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "खुर्ची चुकीच्या बाजूला ठेवलीत. मी डावीकडून लुळी आहे."

"तुम्ही? लुळ्या?" तो पुटपुटला. "जीभ तर अजिबात नाही."

पुन्हा केलं. आणखी एकदा केलं. तिसऱ्या दिवशी तिला त्याची एकही चूक काढता आली नाही. चौथ्या दिवशी काकांना घेऊन त्याने सगळं तिच्यासमोर एखादी कवायत करावी तसं करून दाखवलं. ब्रेक, बूट, पट्टा, गुडघा, एक-दोन-तीन. तिने वहीत खुशीने टिकमार्क केले. तो जाताना दारात घुटमळला.

"खाली कॅन्टीनचा चहा... बरा असतो म्हणे."

"असतो."

"मग?"

"परीक्षा होईपर्यंत मी फक्त शिक्षिका आहे," ती म्हणाली. आवाज जमेल तेवढा कडक ठेवला.

"आणि परीक्षेनंतर?"

"परीक्षेनंतरचा पाठ अजून लिहिलेला नाही."

तो हसत हसत गेला. ती मात्र बराच वेळ खिडकीशी उभी राहून, काही कारण नसताना, पट्ट्याची घडी घालत होती. तिला तो आवडू लागला होता. कबूल करायची तयारी नव्हती एवढंच.

* * *

पाचव्या दिवशी सकाळी ती ठरलेल्या वेळेआधीच वॉर्डात गेली, पाठाचा तक्ता चिकटवायला. पडद्याच्या फटीतून अकरा नंबर दिसत होता, आणि जे दिसलं त्याने तिच्या पायाखालची जमीनच सरकली.

कपाटवाला वाकला, एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, आणि त्याने काकांना उचललं. ना ब्रेक, ना पट्टा, ना मोजणं. काकांचे पाय हवेत लोंबत होते. त्यांनी चेहरा भिंतीकडे फिरवला होता आणि डोळे गच्च मिटले होते. सहा सेकंदांत ते खुर्चीत होते.

ती पडदा सारून आत गेली.

तो चपापला. "अहो... जरा घाई होती. टेम्पो उभा आहे खाली. तुमच्यासमोर करतो की मी बरोबर!"

"माझ्यासमोर," ती म्हणाली. "म्हणजे रोज असंच चालतं?"

काकाच बोलले, जड जिभेने पण स्पष्ट. "रोज. सकाळ-संध्याकाळ."

"मग चार दिवस ते सगळं कशासाठी केलंत?"

"तुमच्यासाठी!" तो एकदम बोलून गेला. मग मान खाली घातली. "तुम्ही टिकमार्क करताना... तुमचा चेहरा... मला वाटलं, तुम्ही पास व्हावं. म्हणून पाठ केलं सगळं."

दुसऱ्या कुठल्या दिवशी हे ऐकून ती हरखली असती. आज ती हातातला तक्ता गुंडाळू लागली. "माझ्यासाठी शिकलात, म्हणजे काहीच शिकला नाहीत. आणि मीही काही शिकवलं नाही." तिला तिचाच राग जास्त आला होता. पोपटाने आणखी एक पोपट तयार केला होता.

ट्यूटरमॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. बाहेर व्हरांड्यात त्यांनी तिला बाजूला घेतलं. "हे बघ, चार नंबरच्या मावशींना डोळ्यांत थेंब घालायचे आहेत. त्यांची सून हुशार आहे. एका दिवसात होईल. मी केस बदलून देते."

थेंब घालणं तिला झोपेतही शिकवता आलं असतं. डोळ्यांसमोर सहा महिने आणि तो बाक येऊन गेला. मग लोंबणारे पाय आले.

"नको मॅडम. हीच केस."

"नापास झालीस तर?"

"झाले तर झाले. पण ते काका घरी गेल्यावर रोज दोनदा असेच उचलले जाणार. त्यांचा चांगला पाय आहे मॅडम, त्याला कुणी उभंच राहू देत नाहीये."

मॅडमनी तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. "सराव-खोलीची किल्ली हवी का?" त्यांनी विचारलं.

* * *

दुपारी तीनला कपाटवाला सराव-खोलीत आला. खोलीत एक पलंग, कोपऱ्यात पांघरूण घेतलेली डमी, आणि पोपटाची रूममेट आणखी दोन धिप्पाड मैत्रिणींसह उभी. पोपट म्हणाली, "पलंगावर बसा."

त्याने मुकाट्याने ऐकलं. तिने त्याचा डावा हात झोळीत अडकवला, डाव्या पायाला फळी बांधली. आज तिची वही कुठेच दिसत नव्हती.

"आता मी काय कर..."

"उचला गं!" ती म्हणाली.

चौघींनी मागून, खालून, जिथून हात मिळेल तिथून त्याला उचललं. "अहो! अहो, थांबा! पडेन मी! अरे धरू तरी कशाला!" पाच मजले पियानो चढवणारा माणूस हवेत पाय झाडत ओरडत होता. त्यांनी त्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन खुर्चीत टाकलं. रूममेटने हात झटकले. "सहा सेकंद," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. तोही हसला नाही. त्याचा मोकळा हात खुर्चीचा दांडा घट्ट पकडून होता.

"सांगायचं तरी..." तो म्हणाला आणि तिथेच थांबला.

फळी बांधलेल्या पायाकडे बघत तो बोलला. "कपाट उचलायच्या आधी मालकाला विचारायचं, आत काय आहे. बाबांनीच शिकवलं मला हे. हात लावण्याआधी विचार, मग लाव. दहा वर्षं एकही कपाट मी न विचारता उचललं नाही. आणि त्यांना... एकदासुद्धा विचारलं नाही."

त्याचे डोळे भरले होते. तिचेही. पण डोळे पुसत बसायला वेळ नव्हता, परीक्षा उद्यावर आली होती. ती त्याच्यासमोर उभी राहिली, आपला गुडघा त्याच्या बांधलेल्या गुडघ्याला टेकवला, पट्टा धरला.

"आता नीट करू या. पुढे झुका. मोजा."

"मी मोजू?"

"उठणार कोण? तुम्ही. मग तीन कधी म्हणायचं ते मला काय माहीत? तुमचा पाय तयार झाला की तुम्ही म्हणा. तोवर मी थांबते."

हे तिच्या कुठल्याच वहीत लिहिलेलं नव्हतं. तिलाही ते बोलता बोलताच कळलं होतं.

"एक," तो म्हणाला. "दोन..." त्याने चांगला पाय जमिनीवर चाचपला, नीट टेकवला. तिने ओढलं नाही. "तीन." आणि तो उठला, स्वतःच्या बळावर. ती फक्त तिथे होती. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले, गुडघ्याला गुडघा आणि श्वासाला श्वास. खिडकीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"तीन होऊन बराच वेळ झाला," रूममेट म्हणाली.

* * *

परीक्षकबाई त्याच होत्या, गेल्या वेळच्या. त्यांनी तिला ओळखलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. ट्यूटरमॅडम शेजारी उभ्या राहिल्या. तिने काकांना आणि त्याला थोडक्यात सांगितलं आज काय करायचं, कशासाठी करायचं. मग ती मागे सरकली. शिकणारा करून दाखवत असताना शिकवणाऱ्याने तोंडातून शब्द काढायचा नाही, असा नियम असतो. एक इशाराही केला तरी गुण गेले.

त्याने खुर्ची उजव्या बाजूला ठेवली. ब्रेक लावले. गुडघे टेकून बाबांच्या पायात बूट चढवले, पट्टा बांधला. घाई नव्हती. कुणाच्या चेहऱ्याकडे बघणंही नव्हतं. त्याने तिच्याकडे एकदासुद्धा पाहिलं नाही, आणि तिला त्याचं विलक्षण बरं वाटलं.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही मोजा. मी थांबतो."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. आजवर त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. ते पुढे झुकले.

"एक."

उजवा पाय जमिनीवर सरकला.

"दोन."

आणि काका थांबले.

एक क्षण गेला. दुसरा गेला. काकांच्या कपाळावर घाम दिसू लागला. पाय थरथरत होता. परीक्षकबाईंची पेन्सिल कागदावर टेकून राहिली. शेजारचे आजोबा कोपरावर उठून बसले. अख्ख्या वॉर्डाच्या ओठांवर तो एक शब्द येऊन थांबला होता. तिला वाटलं, आता तो उचलणार. त्याचे दंड ताठ झालेले दिसत होते. एक हिसका दिला की काम झालं असतं, सहा सेकंदांच्या आत. तिने स्वतःच्या तळव्यांत नखं रुतवली. उठा काका, ती मनात म्हणत होती, किंवा नका उठू, पण तुमचं तुम्ही ठरवा.

तो हलला नाही. पट्ट्यावर हात तसेच, गुडघ्याला गुडघा तसाच. वाट बघत राहिला.

"तीन," काका म्हणाले.

आणि ते उभे राहिले. वाकडे, हेलकावत, पण आपल्या पायावर. वळले, खुर्चीच्या हातावर उजवा हात टेकला आणि सावकाश बसले. बसल्यावर त्यांनी खांदे मागे घेतले आणि साऱ्या वॉर्डावरून नजर फिरवली.

परीक्षकबाईंनी मुलाला विचारलं, "कमजोर हाताला धरून का नाही ओढलं?"

"खांदा निखळेल. आणि त्यांना दुखेल, पण ते सांगणार नाहीत."

मग त्या काकांकडे वळल्या. "छान उठलात. कुणी शिकवलं तुम्हाला हे?"

"मला?" काकांनी भुवया चढवल्या. "मला कोण शिकवणार? मीच उठलो. हा तर नुसता उभा होता."

संपलं, तिला वाटलं, शिकवणारीचं नावसुद्धा नाही. पण ट्यूटरमॅडम ओठ दाबून हसत होत्या, आणि परीक्षकबाईंनी कागदावर काहीतरी लिहून त्याखाली ठळक रेघ ओढली.

"गेल्या वेळी तुम्ही वीस मिनिटं बोलला होतात," त्या तिला म्हणाल्या. "आज किती बोललात?"

"चार मिनिटं... बोलले असेन."

"पुढच्या वेळी तीन मिनिटांत जमवा. पास आहात."

* * *

तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. ती समोर येऊन उभी राहिली तशी तो उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"झाली... तुमची परीक्षा."

"झाली."

"मग आता... म्हणजे तुम्ही म्हणाला होतात, नंतरचा पाठ..."

"लिहिलेला नाही अजून."

त्याचा चेहरा पडला.

"म्हणून न लिहिताच बोलते," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती पाठ न करता काही बोलणार होती. "मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी नाही, तेव्हा तर खूप राग आला होता. मधे... मधे थोडे आवडलात, ते सोडा. काल सकाळी पुन्हा राग आला. आज मात्र नक्की. काका दोन म्हणून थांबले ना... सगळ्या वॉर्डाला तीन म्हणायची घाई झाली होती. मलासुद्धा. तुम्हाला एकट्याला नव्हती. तेव्हा वाटलं की या माणसाबरोबर मला... मला राहायला आवडेल."

बोलून झाल्यावरही तिने नजर वळवली नाही.

तो हळूच म्हणाला, "मलाही होती."

"काय?"

"घाई. तीन म्हणायची. जीव जात होता माझा. जीभ दातांत धरून ठेवली होती. अजून झोंबतेय."

"दाखवा."

त्याने जीभ बाहेर काढली. तिने त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि नीट पाहिलं. जिभेच्या कडेला दातांची लाल खूण उमटली होती, चांगली खोल. रक्त येऊन गेलं होतं.

म्हणजे त्याला थांबणं सोपं नव्हतं. तिच्याइतकंच अवघड होतं, आणि तरी तो थांबला होता. तिला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम आलं.

"कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा," ती नाक पुसत म्हणाली. "दिवसातून तीनदा."

"करतो," तो म्हणाला. तिचा हात अजून त्याच्या हनुवटीवर होता आणि तो दोघांपैकी कुणीही काढत नव्हतं. "आणि ऐक... मला तू आवडतेस. जिन्यात कागदात डोकं घालून उतरत होतीस ना, तेव्हापासून."